वाचकांचे प्रश्न : घराभोवतीच्या गांधीलमाश्या

गांधीलमाश्यांविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांचा शेवट ‘कोणते औषध मारावे?’ या प्रश्नाने झाला आहे. माशी दिसते कशी, पोळे कशाचे आहे आणि ते नेमके कोठे आहे, हे मात्र फार थोड्यांनी कळवले आहे. औषधाचे उत्तर या गोष्टींवरच अवलंबून असल्यामुळे ओळखीचा प्रश्न सर्वांत आधी घेतला आहे.

प्रश्न : आमच्या घराच्या आसपास पिवळ्या-काळ्या, तांबूस, लहान-मोठ्या अशा अनेक माश्या घोंघावताना दिसतात. त्यांतील गांधीलमाशी कोणती, मधमाशी कोणती आणि खरी भीती कोणाची बाळगावी, हे सामान्य माणसाला कसे ओळखता येईल?

उत्तर : उडत्या माशीकडे पाहून ओळख पटवायला गेले की बहुधा चूक होते. ती बसलेली असताना, दोन-तीन हातांवरून, हालचाल न करता पाहावे. मधमाशीचे अंग लवदार असते, मागच्या पायांवर पुष्कळदा परागाचे पिवळे गोळे दिसतात आणि तिला कंबर असल्याचे चटकन लक्षात येत नाही. गांधीलमाशीचे अंग गुळगुळीत व चकचकीत असते, कंबर दोऱ्याने आवळल्यासारखी बारीक असते, आणि पोळे करून राहणाऱ्या जातींची माशी बसली की तिचे पंख लांबीच्या दिशेने घडी घातल्यासारखे अरुंद दिसतात. फुलांपुढे हवेत एका जागी स्थिर तरंगणारी पिवळ्या पट्ट्यांची माशी या दोन्हींपैकी कोणीच नसते. तिला चारऐवजी दोनच पंख असतात, डोळे जवळजवळ सगळे डोके व्यापतात आणि मिशा अगदी आखूड असतात. तिला नांगी नसते, आणि तिच्या पुष्कळ जातींच्या अळ्या झाडांवरचा मावा खातात. केवळ पट्टे पाहून तिला झाडूने मारले जाते, याचे वाईट वाटते.

माशीपेक्षाही तिच्या घरावरून ओळख अधिक खात्रीने पटते. मधमाश्यांचे पोळे मेणाचे असते. करड्या, कागदासारख्या पदार्थाचे, एकाच देठाने छताला लटकलेले, उलट्या छत्रीसारखे आणि खालून पाहिले असता षट्कोनी घरे उघडी दिसणारे पोळे हे कागदी पोळे करणाऱ्या सडपातळ गांधीलमाश्यांचे असते. उडताना त्यांचे लांब मागचे पाय खाली लोंबकळत असतात. अशा एका पोळ्यावर सहसा काही डझन माश्या असतात, क्वचित शंभर-दोनशे. याउलट चोहोबाजूंनी कागदी आवरणाने झाकलेला, एखाद-दुसरे तोंड असलेला मोठा गोळा झाडावर किंवा छपराखाली दिसला, अथवा जमिनीतील बिळातून, भिंतीच्या फटीतून किंवा झाडाच्या ढोलीतून माश्यांची एकसारखी ये-जा दिसली, तर ते मोठे कुटुंब समजावे. त्यात शेकडो, कधी हजारो माश्या असू शकतात. मोठ्या आकाराच्या जातींपैकी एक काळी असून तिच्या पोटावर एकच रुंद पिवळसर-नारिंगी पट्टा असतो. ती सडपातळ गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर धाड घालून त्यांच्या अळ्या पळवते.

तिसरा प्रकार मातीच्या घरांचा. चिखलाच्या नळ्या किंवा छोटे मडके बांधणारी कुंभारीण माशी एकटी राहते, तिच्यामागे फौज नसते.

कोणती माशी किती धोक्याची हे तिच्या आकारावरून ठरवू नये. फुलावर, पाण्याच्या काठावर किंवा पिकल्या फळावर बसलेली मोठ्यात मोठी माशीसुद्धा सहसा आपल्या वाटेला जात नाही. पोळ्यापासून हातभर अंतरावर मात्र लहानशी माशीही चाल करून येते. म्हणून धोका मोजायचा तो पोळे आपल्या वावराच्या जागेपासून किती लांब आहे आणि त्यावर किती माश्या आहेत, यावरून.

प्रश्न : व्हरांड्याच्या छताला मुठीएवढे पोळे लागले आहे. त्यावर दहा-बारा तांबूस माश्या बसलेल्या असतात. घरात लहान मुले आहेत. पोळे काढावे, की काही करत नाहीत म्हणून राहू द्यावे? काढायचे झाल्यास कसे?

उत्तर : हेच पोळे बागेच्या टोकाच्या झाडावर किंवा ज्या उंच छज्जाखालून कोणी जात नाही तेथे असते, तर ते राहू द्या, असेच मी सांगितले असते. या माश्या दिवसभर पानांवरच्या अळ्या शोधतात, त्या चावून त्यांचे गोळे करतात आणि पोळ्यातील पिलांना भरवतात. स्वतः मोठ्या माशीला घट्ट अन्न गिळता येत नाही, कारण त्या बारीक कमरेतून ते पुढे सरकत नाही. ती फुलांचा रस पिते आणि पिलांच्या तोंडून पाझरणारा गोड द्रव चाटते. भाजीच्या वाफ्यांजवळ असे एक पोळे असेल तर पाने कुरतडणाऱ्या अळ्यांवर फवारणी करण्याची वेळ कमी येते. परंतु आपल्या पत्रावरून हे पोळे दाराच्या वाटेवर, मुलांच्या चेंडूच्या टप्प्यात आहे असे दिसते. तेथे ते ठेवू नये.

अशी पोळी काढण्याची सर्वांत सोपी वेळ आपल्या हातून निसटलेली आहे; पुढच्या वेळेसाठी ती सांगून ठेवतो. पोळ्याची सुरुवात पुष्कळदा एकच मादी करते. वाळलेल्या लाकडावर बसून ती जबड्याने तंतू खरवडते, लाळेत कालवते आणि त्याचा कागद करते. उन्हापावसात करडे पडलेले लाकडी फाटक असेल तर त्याच्याजवळ शांत उभे राहून पाहावे: खरवडण्याचा अगदी बारीक ‘खर्र खर्र’ आवाज ऐकू येतो आणि माशी उडून गेल्यावर त्या जागी नखाने ओढल्यासारखी फिकट रेघ राहते. (फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७१९ साली या माश्यांकडे बोट दाखवूनच लाकडापासून कागद करता येईल, असे सुचवले होते, त्या काळी युरोपात कागद चिंध्यांपासून होत असे.) पहिल्या काही दिवसांत पोळे रुपयाएवढे असते, त्यात सहा-सात घरे आणि प्रत्येकात तळाशी चिकटवलेले एकेक पांढरे अंडे. मादी चरायला गेलेली असताना लांब काठीने ते देठासकट खरवडून टाकले की काम झाले. दोन-तीनदा असे केले तर ती बहुधा जागा बदलते. म्हणून ज्या काळात पोळी लागू लागतात त्या काळात आठवड्यातून एकदा छताच्या कडा, पडद्यांच्या पेट्या, वापरात नसलेली कुंडी, विजेच्या मीटरची पेटी, टपालपेटी, बाकांची खालची बाजू नजरेखालून घालावी.

आता आपल्या पोळ्याविषयी. दहा-बारा माश्यांचे उघडे पोळे, जमिनीवर उभे राहून पोहोचता येईल अशा उंचीवर असेल आणि घरात कोणालाही डंखाची तीव्र ॲलर्जी नसेल, तर ते स्वतः काढता येते. एक लिटर पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवरूप साबणाचे दोन मोठे चमचे मिसळून ते लांब धार मारणाऱ्या फवाऱ्यात भरावे. साबणामुळे पाणी माशीच्या अंगाला चिकटते, श्वासाची छिद्रे बुजतात आणि ती काही क्षणांत खाली पडते. व्हरांड्यात विष पसरत नाही. हे काम अंधार पडल्यावर करावे, कारण तेव्हा बहुतेक सगळ्या माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात आणि थंडाव्याने सुस्त असतात. डोक्यावरचा दिवा मालवावा आणि टॉर्चच्या काचेवर लाल कागद लावावा, कारण तांबडा प्रकाश त्यांना जवळजवळ दिसत नाही आणि पांढऱ्या झोतावर मात्र त्या थेट येतात. पूर्ण बाह्यांचे जाड कपडे, हातमोजे आणि चेहरा झाकणारी जाळी असावी, पोळ्याच्या बरोबर खाली उभे राहू नये, आणि मागे पळण्याची वाट व दार आधीच मोकळे ठेवावे. शिडीवर चढून हे काम कदापि करू नये. डंखापेक्षा शिडीवरून पडण्याने होणारी इजा मोठी असते आणि माश्या अंगावर आल्यावर शिडीवर कोणाचाही तोल राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळे पाडून पिशवीत बंद करावे आणि छताला उरलेला देठ खरवडून ती जागा साबणाने धुवावी. यानंतर एक गोष्ट घडते आणि तिच्यामुळे पुष्कळ लोक घाबरून पुन्हा फवारणी करतात: काही माश्या दोन-चार दिवस नेमक्या त्याच रिकाम्या जागी येऊन घिरट्या घालतात. त्या बाहेर राहिलेल्या असतात आणि आसपासच्या खुणा लक्षात ठेवून परतलेल्या असतात. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका एकांड्या गांधीलमाशीच्या बिळाभोवती सूचिपर्णी झाडाची फळे गोलाकार मांडली, आणि ती बाहेर गेल्यावर ते वर्तुळ थोडे बाजूला सरकवले. परतलेली माशी बिळ सोडून वर्तुळाच्या मध्यावर उतरली. आपल्या व्हरांड्यातील माश्याही अशाच जुन्या खुणांवर येतात. पोळेच नसल्यामुळे त्यांना राखण्यासारखे काही नसते, त्यामुळे त्या आक्रमक नसतात आणि काही दिवसांत पांगतात.

पेटता बोळा, रॉकेल किंवा पाण्याचा जोरदार फवारा यांपैकी काहीही वापरू नये. आगीने घर पेटण्याचा धोका असतो आणि पाण्याने माश्या मरत नाहीत, फक्त चवताळतात.

प्रश्न : कुंपणालगतचे गवत यंत्राने कापताना अचानक माश्यांचे मोहोळ उठले आणि माळ्याला सात-आठ डंख झाले. नंतर पाहिले तर जमिनीत एक बीळ आहे. रात्री त्यात पेट्रोल ओतून तोंड बुजवावे, असा सल्ला शेजारी देत आहेत.

उत्तर : हा सल्ला कृपया मानू नये. बिळाचे तोंड म्हणजे पोळे नव्हे. वाट वाकडीतिकडी असते, पोळे बाजूला असू शकते, आणि ओतलेले पेट्रोल तेथवर न पोहोचता मातीत मुरते. माती व झाडांची मुळे त्याने नासतात आणि वाफेचा भडका उडू शकतो. तोंड बुजवल्यास आत जिवंत राहिलेल्या माश्या दुसरीकडून वाट काढतात. हीच गोष्ट भिंतीच्या फटीत शिरलेल्या पोळ्याची: बाहेरची फट सिमेंटने लिंपली तर माश्या आतल्या बाजूचे मऊ लाकूड किंवा छताचे पातळ अस्तर कुरतडून खोलीत उतरतात. आधी पोळे मेल्याची खात्री, आणि मगच फट बुजवणे, हा क्रम उलटू नये.

जमिनीतील, भिंतीतील आणि झाकलेल्या गोळ्याच्या रूपातील पोळी स्वतः हाताळू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ही कामे कीडनियंत्रणाच्या जाणकार माणसाकडून करून घ्यावीत. तो सहसा बिळाच्या तोंडाशी कीटकनाशकाची कोरडी भुकटी टाकतो. ये-जा करणाऱ्या माश्या ती अंगावरून आत नेतात आणि त्यामुळे ती न दिसणाऱ्या पोळ्यापर्यंत पोहोचते. आपण करायचे ते एवढेच की दिवसा दहा-पंधरा पावलांवरून निरीक्षण करून माश्या नेमक्या कोठून निघतात हे टिपून ठेवावे, त्या भागात खूण लावावी, मुलांना व पाळीव प्राण्यांना तिकडे जाऊ देऊ नये, आणि तोवर तेथे यंत्र चालवू नये. यंत्राची थरथर त्यांना पोळ्यावरचा हल्ला वाटते. गवत किंवा कुंपण छाटण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते उभे राहून ये-जा पाहण्याची सवय माळ्यानेही लावून घ्यावी.

कधी मोहोळ उठलेच, तर हात झाडत उभे राहू नये. चिरडलेल्या माशीच्या अंगातून सुटणारा गंध इतरांना हल्ल्याची वर्दी देतो, म्हणून माशी मारण्याने माश्या वाढतात. डोके व तोंड कपड्याने झाकून घरात किंवा बंद गाडीत थेट पळून जावे. पाण्यात उडी मारू नये. त्या वर घिरट्या घालत राहतात आणि श्वास घ्यायला डोके वर काढावेच लागते.

प्रश्न : खिडकीच्या चौकटीत मातीच्या नळ्या चिकटवलेल्या आढळल्या. त्या फोडल्या तेव्हा आतून बरेच कोळी निघाले. हा काय प्रकार आहे? विषारी आहे का?

उत्तर : आपण कुंभारीण माशीचे कोठार फोडले. ओलसर जागेवरून ती चिखलाचा मोहरीहून थोडा मोठा गोळा उचलते, जबड्यात धरून आणते आणि लिंपताना अंग इतके थरथरवते की बंद खोलीतही तिचे बारीक गुणगुणणे ऐकू येते. नळीतले एक घर तयार झाले की ती कोळी पकडते, नांगीने त्यांना मारत नाही, फक्त लुळे करते, घर भरले की आत एक अंडे ठेवून तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेल्या अळीला वाढ होईपर्यंत ताजे अन्न मिळावे, यासाठी ही योजना आहे. कुंभारीण म्हणवणारी दुसरी एक माशी हुबेहूब छोटे मडके घडवते आणि त्यात कोळ्यांऐवजी अळ्या साठवते.

या माश्या घर राखत नाहीत. मुठीत पकडल्याखेरीज त्या क्वचितच डंख मारतात, म्हणून त्यांच्यासाठी कोणत्याही औषधाची गरज नाही. नळीवर गोल छिद्रे दिसत असतील तर पिले उडून गेलेली आहेत. तेव्हा ती ओल्या फडक्याने काढून टाकावी. मात्र कुलुपाची भोके, गॅसच्या उपकरणांच्या हवेच्या वाटा, पाण्याच्या टाकीच्या जादा पाण्याच्या नळ्या आणि बरेच दिवस बंद असलेली यंत्रे यांच्या तोंडांवर त्यांना घर करू देऊ नये, तेथे बारीक जाळी बसवावी. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी बर्गेनएअर कंपनीचे विमान कोसळून १८९ जणांचा मृत्यू झाला. ते काही आठवडे न उडता उभे होते, आणि वेग मोजणाऱ्या त्याच्या नळीत अशाच मातीच्या माशीने घर केले असावे, असा तपासात निष्कर्ष निघाला.

प्रश्न : गांधीलमाशी चावल्यास नेमके काय करावे? कोणी चुना लावतात, कोणी व्हिनेगर, कोणी खायचा सोडा.

उत्तर : चुना, व्हिनेगर आणि सोडा हे तिन्ही कातडीवर राहतात, विष कातडीखाली टोचलेले असते. त्यांचा उपयोग नाही, आणि चुन्याने कातडी भाजू शकते. प्रथम तेथून दूर जावे. गांधीलमाशीची नांगी मधमाशीप्रमाणे अडकून राहत नाही, म्हणून ती शोधत बसू नये. पण त्यामुळेच एकच माशी पुनःपुन्हा डंख मारू शकते. जागा साबणाने धुवावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटे ठेवावा, हाताला डंख असेल तर अंगठी व बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. खाज व सुजेसाठी ॲलर्जीविरोधी गोळी आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घेता येते. एक-दोन दिवस सूज वाढून मग उतरते, हे स्वाभाविक आहे.

पुढील लक्षणे मात्र वेगळी आहेत आणि त्यांत मिनिटांना किंमत असते: डंखापासून दूर, सर्व अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, चक्कर, उलट्या. बहुधा ही लक्षणे पहिल्या तासाभरात, पुष्कळदा काही मिनिटांतच दिसतात. यावरचे औषध मांडीच्या बाहेरच्या बाजूस देण्याचे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हे आहे. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावेत, श्वास लागत असेल तर टेकून बसवावे, चालवत नेऊ नये, आणि तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. तोंडात किंवा घशात डंख झाला असेल, तरीही थांबू नये. एकाच वेळी अनेक डंख झालेला माणूस ठणठणीत वाटला तरी त्याला रुग्णालयात न्यावे, कारण विषामुळे स्नायूंची व मूत्रपिंडांची हानी नंतर उघड होऊ शकते. लघवी गडद किंवा कमी होणे ही तिची खूण आहे. आधीच्या प्रश्नातील माळ्याचीही तपासणी करून घ्यावी, अशी विनंती आहे. ज्यांना एकदा तीव्र ॲलर्जी झाली आहे त्यांच्यासाठी विषाच्या वाढत्या मात्रांची उपचारपद्धती उपलब्ध आहे. ती साधारण तीन ते पाच वर्षे चालते आणि परिणामकारक आहे.

प्रश्न : बागेत सरबताचा पेला ठेवला की माश्या येतात, पिकली फळे पोखरतात. सापळे लावावेत का? आवाजाने पळवणारी विजेची यंत्रे उपयोगी आहेत का?

उत्तर : यंत्रांवर खर्च करू नये. गोड पाण्याच्या सापळ्यात काही माश्या मरतात, पोळे आटत नाही. लावायचाच असेल तर बसण्याच्या जागेपासून लांब लावावा, अन्यथा तो माश्यांना आमंत्रणच देतो. जेथे कडक थंडी पडते तेथे हंगामाच्या अखेरीस पिले कमी होतात, त्यांच्याकडून मिळणारा गोड द्रव आटतो आणि मोठ्या माश्या फळांकडे व पेल्यांकडे वळतात. म्हणून त्या काळात त्रास अधिक जाणवतो. पडलेली फळे रोज उचलावीत, चांगल्या घडांना पिशव्या बांधाव्यात, कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण असावे, गळका नळ दुरुस्त करावा. झाकण नसलेल्या डब्यातून किंवा बाटलीतून बागेत काही पिऊ नये, पारदर्शक पेला वापरावा आणि घोट घेण्यापूर्वी आत पाहावे.

प्रश्न : न्हाणीघराच्या खिडकीवर एक काळी, बारीक, कोळ्यासारख्या पायांची माशी दिसते. तिचे पोट चपटे व इवलेसे असून ती ते झेंड्यासारखे वरखाली हलवत असते. ही चावते का?

उत्तर : चावत नाही. ही झुरळांच्या अंडकोशावर जगणारी गांधीलमाशी आहे. मादी अंडकोशात आपले अंडे घालते आणि तिची अळी आतली झुरळांची अंडी खाऊन वाढते. ती काचेवर धडपडत असेल तर खिडकी उघडून द्यावी. ती वारंवार दिसत असल्यास घरात मोठी झुरळे आहेत असे समजून मोरीचे तोंड, सांडपाण्याचे चेंबर आणि कपाटांच्या मागच्या बाजू तपासाव्यात.